अर्ध्या गोळीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, बाहेर कोल्हापुरी पाऊस कोसळत होता आणि आमच्या गल्लीतली एक तरुण आई दारात उभी राहिली. कडेवर अकरा महिन्यांची मुलगी, हातात गोळ्यांचे पाकीट. मी औषधांचे दुकान बंद केल्याला आता सहा वर्षे झाली, पण पेठेतल्या लोकांच्या लेखी मी अजून 'मेडिकलवाले काका'च आहे.

"काका, गोळी धाची हाय आन् द्यायचं दीड," ती म्हणाली. "भाग किती करायचं तेवढं सांगा की."

पाकीट हातात घेऊन पाहिले. हायड्रोकॉर्टिसोन, दहा मिलिग्रॅम. मुलीच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन ग्रंथी असतात, त्या जन्मापासूनच हे द्रव्य पुरेसे तयार करीत नाहीत. ते बाहेरून द्यावे लागते, रोज, दिवसातून तीन वेळा, जन्मभर. कमी पडले तर साध्या तापातही मूल उलट्या करून मलूल होते, अंगातले मीठ कमी होते आणि जिवावर बेतू शकते. जास्त झाले तर उंची खुंटते. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी महाग. डॉक्टरांनी मुलीची उंची-वजन मोजून दर वेळी दीड मिलिग्रॅम असा हिशेब घालून दिला होता. हिशेब बरोबर होता. गोळी मात्र त्या हिशेबाची नव्हती.

ती करीत होती ते असे. गोळी कुटायची, दहा मिलिलिटर पाण्यात ढवळायची आणि सुईविना सिरिंजने दीड मिलिलिटर ओढून मुलीच्या तोंडात सोडायचे. गणित चोख. पण हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. ढवळल्याबरोबर ओढले तर एक मात्रा, दाराची कडी वाजली म्हणून दोन मिनिटांनी ओढले तर दुसरी. त्या पोरीला रोज किती औषध मिळत होते, हे तिची आई सांगू शकत नव्हती, डॉक्टर सांगू शकत नव्हते आणि मीही नाही.

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात वडिलांचा पितळी तराजू आहे. वडील शुक्रवार पेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. आजच्या मुलांना हा शब्द सिनेमातल्या विनोदी पात्रामुळे ठाऊक असेल तेवढाच. आमच्या लहानपणी कंपाउंडर म्हणजे दवाखान्याचा कणा. डॉक्टर चिठ्ठीवर चार ओळी खरडत आणि पडद्यामागे वडील बाटल्यांच्या रांगेतून औषध जमवीत. पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली असे, तिला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. लहान मुलासाठी खाचा जवळ, पैलवानासाठी लांब. (तालमीचे पैलवान वडिलांकडून मुद्दाम मोठ्या खाचा मागत, हेही सांगायला हवे.) कोरडे औषध असेल तर ते खलात दुधाच्या साखरेबरोबर घोटायचे: आधी चिमूटभर औषधात चिमूटभर साखर, मग त्याच्याइतकीच साखर पुन्हा, मग पुन्हा. असे वाढवत नेले की कणभर औषध सगळ्या पुडीत सारखे पसरते. मग तोलून पुड्या. त्या काळी औषध माणसाच्या मापाने होई.

ते माप गेले कुठे? गोळी आली आणि गेले. 1843 साली विल्यम ब्रॉकेडन नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने पूड साच्यात दाबून घट्ट करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याला खरे तर पेन्सिलीसाठी चांगले शिसे हवे होते. त्याच युक्तीने औषधाची पूडही दाबता येते हे लक्षात आले आणि पुढच्या शंभर वर्षांत जगाचे औषध गोळीत शिरले. गोळीचे उपकार मी नाकारणार नाही. ती स्वस्त झाली, टिकू लागली, कारखान्यात तपासली जाऊ लागली. खेड्यापाड्यांत पोहोचली ती गोळीच, वडिलांची बाटली नव्हे. पण गोळीला माप हवे आणि ते माप बहुतेकांना चालेल असे हवे. ज्यांना चालत नाही त्यांच्या हाती उरली सुरी.

आपल्या घराघरांत ही सुरी चालते. आजोबांची रक्तदाबाची अर्धी गोळी अडकित्त्याने तोडली जाते, आणि सुपारीसारखी एक फोड मोठी, एक लहान. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने 'दोन', 'तीन', 'दोन', 'तीन' असे आकडे लिहिलेले असतात. माझ्या पत्नीच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला एक दिवस दोन मिलिग्रॅम आणि एक दिवस तीन, म्हणजे सरासरी अडीच. तिचे भागते. मोठ्या माणसाचे बहुधा भागतेच. शिवाय जिथे गिऱ्हाईक मोठे, तिथे कारखानेही माप देतात. थायरॉइडच्या गोळीची बाटली साडेबारा, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी मायक्रोग्रॅम अशा बारीक पायऱ्यांनी मिळते, कारण ती घेणाऱ्यांची संख्या अफाट. आमच्या गल्लीतल्या पोरीचा आजार मात्र आपल्या देशात सुमारे पावणेसहा हजार जन्मांमागे एकाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच शहरांत लाखावर नवजात बालके तपासून काढलेला हा आकडा आहे. पावणेसहा हजारांत एक म्हणजे आपल्या देशाच्या मानाने मुले हजारोंनी झाली. पण प्रत्येकाची मात्रा वेगळी, दर काही महिन्यांनी बदलणारी, त्यामुळे कारखान्याच्या हिशेबात ती बसत नाहीत.

तराजू काढून पुड्या बांधून द्याव्यात असा मोह मला त्या दुपारी झाला, हे कबूल करतो. हात अजून विसरलेले नाहीत. पण नाही बांधल्या. माझ्याकडे आता परवाना नाही, ही एक गोष्ट. दुसरी अशी की, मी बांधलेल्या पुडीत खरोखर दीड मिलिग्रॅम आहे का, हे तपासायला माझ्याकडे माझ्या डोळ्यांखेरीज काही नाही. वडिलांकडेही नव्हते. त्यांच्या हाताचे कौतुक मी जन्मभर ऐकले. त्या हाताच्या चुका कोणी मोजल्या नव्हत्या एवढेच. मी पुण्याहून पाच मिलिग्रॅमची गोळी मागवून दिली. तिचे तीन भाग केले तर एकात दीडपेक्षा थोडे जास्त येते. तेवढे चालेल असे डॉक्टरांनी सांगितले.

त्याच आठवड्यात उद्यमनगरात पुतण्याच्या वर्कशॉपवर गेलो होतो. फौंड्रीसाठी लागणारे लाकडी पॅटर्न बनवण्यात आमच्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेची हयात गेली. आता पुतण्याने थ्रीडी प्रिंटर घेतला आहे. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्र थरावर थर चढवून ती वस्तूच उभी करते. मी गोळीची हकीकत सांगितली तर तो हसून म्हणाला, "काका, ह्यात औषध घातलं तर गोळीबी काढंल की हे!"

त्याच्या यंत्रात नाही निघणार, आणि कोणी तसा प्रयोगही करू नये. ते प्लॅस्टिकचे यंत्र आहे. पण कल्पना म्हणून त्याचे बोलणे जुने आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांना 1993 साली 'त्रिमितीय छपाई'चे पेटंट मिळाले. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. रांगोळीचा पातळ थर पसरावा, त्यावर नेमक्या जागी पाण्याचे बारीक थेंब टाकावेत, ओली जागा घट्ट होते. मग दुसरा थर, पुन्हा थेंब. शेवटी सुटी रांगोळी झटकली की आत वस्तू तयार. दाब नाही, त्यामुळे ती जाळीदार आणि पोकळ राहते. याच पद्धतीने केलेली फेफऱ्यावरची एक गोळी, 'स्प्रिटाम' नावाची, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2015 मध्ये मान्य केली. छापलेल्या औषधाला मिळालेली ती जगातली पहिली मान्यता. एका गोळीत हजार मिलिग्रॅमपर्यंत औषध, तरी घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरते. गिळायला त्रास होणाऱ्यांची मोठी सोय.

तेव्हा वर्तमानपत्रांतून 'आता प्रत्येकाला त्याच्या मापाची गोळी' असे मथळे झळकले होते. गंमत अशी की, ही गोळी मापाची मुळीच नव्हती. ती कारखान्यातच छापली जाते, अडीचशे, पाचशे, साडेसातशे आणि हजार अशा ठरीव मापांत. छपाई नवी, पण शिंपी नव्हे, तयार कपड्यांचे दुकानच.

शिंप्याचे काम पाहायचे तर स्पेनला जावे लागते. तिथल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला शहराच्या रुग्णालयात चार मुलांवर सहा महिने झालेला प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. या मुलांना एक दुर्मीळ आजार आहे. अन्नातल्या प्रथिनांचे काही घटक त्यांच्या शरीराला पचवता येत नाहीत आणि लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या गोड पाकासारखा वास येतो, त्यावरून आजाराचे नाव पडले आहे. (आपल्या भागात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला असता तर त्याच्या नावात नक्की काकवी आली असती.) या मुलांना पथ्य कडक असते आणि त्यातच एक घटक, आयसोल्युसिन, मोजून वरून द्यावा लागतो; थोडाही नको आणि जास्तही नको. रुग्णालयाच्या औषध विभागात तो हाताने तोलून दिला जाई. प्रयोगात यंत्राने चघळायच्या गोळ्या छापल्या, प्रत्येक मुलाची मात्रा वेगळी, रंग आणि चव वेगवेगळी. यंत्राची रीत आपल्या सोऱ्यासारखी: औषध मिसळलेला लगदा नळीत भरायचा आणि बारीक तोंडातून तो गोल गोल फिरवत पाडायचा, चकली पाडतो तसा. किती वेढे पाडायचे ते संगणक ठरवतो, म्हणजे मात्रा तोच ठरवतो. मुलांच्या रक्तातले प्रमाण हाताने तोललेल्या औषधापेक्षा या गोळ्यांवर ठरलेल्या पातळीच्या अधिक जवळ राहिले. मुलांनी गोळ्या खाल्ल्याही आवडीने, फक्त सगळ्या रंगांवर आणि चवींवर एकमत झाले नाही. ते कोणत्या घरात होते?

चार मुले म्हणजे फार थोडी. एवढ्यावरून क्रांती झाली असे म्हणणारा माणूस औषधविक्रेता असावा, औषधशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पण रुग्णालयाच्या एका खोलीत, खऱ्या मुलांसाठी, महिनोन् महिने हे काम करता येते एवढे त्यातून दिसले.

या विद्येचे आणखीही चमत्कार सांगितले जातात. गोळीचा आकार बदलला, जाळी केली, मध्ये भोक ठेवले, की औषध किती वेगाने सुटेल ते बदलते, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग बदलतो. खडीसाखरेचा खडा आणि पिठीसाखर यांच्यातला हा फरक, पण हवा तसा साधता येतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात 2015 साली हृदयरोग्याला लागणारी पाच औषधे एकाच गोळीत, वेगवेगळ्या कप्प्यांत छापून दाखवली. काही औषधे लगेच सुटणारी, काही हळूहळू. पाच पाकिटांचा घोळ घालणाऱ्या आजोबांना हे ऐकून बरे वाटेल. मला मात्र यात थोडी धास्तीही वाटते. एकाच गोळीत दोन-तीन औषधे कोंबण्याचा आपल्याकडचा इतिहास चांगला नाही. वैद्यकीय आधार नसलेल्या अशा 344 मिश्रणांवर केंद्र सरकारने मार्च 2016 मध्ये बंदी घातली. न्यायालयीन लढाईनंतर 2018 मध्ये त्यांतली 328 पुन्हा बंद झाली. ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156. रोग्याच्या गरजेने केलेले मिश्रण आणि विक्रीच्या गरजेने केलेले मिश्रण यंत्राला सारखेच. ते दोन्ही तितक्याच तत्परतेने छापून देईल.

खरा प्रश्न यंत्राचा नाहीच, जबाबदारीचा आहे. ती गोळी कोणी केली असे धरायचे? आपला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा. त्यात 'उत्पादन' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात एक सूट आहे: किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या व्यवहारात चिठ्ठीबरहुकूम औषध मिसळून देणे म्हणजे उत्पादन नव्हे. ही सूट माझ्या वडिलांसारख्यांसाठी होती. नियमांच्या एका परिशिष्टात अशा फार्मसीत काय काय हवे याची यादी आहे: तराजू, खल, मोजपात्रे. फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध तयार व्हावे अशी अटही आहे. माणसे गेली, दुकाने नुसती पाकिटे विकणारी झाली, तरी कंपाउंडरची जागा कायद्याने राखून ठेवली आहे. आता या रिकाम्या जागेवर छपाईयंत्र बसवायचे का? की ते यंत्र म्हणजे छोटा कारखाना मानून त्याला कारखान्याचे नियम लावायचे? कारखान्याचा नियम असा की प्रत्येक खेपेतल्या काही गोळ्या फोडून, विरघळवून तपासायच्या. लाख गोळ्यांतल्या शंभर फोडल्या तर बिघडत नाही. आमच्या पोरीच्या महिन्याच्या नव्वद गोळ्यांतल्या किती फोडायच्या? म्हणून गोळी न फोडता, तिच्यावर अवरक्त किरण टाकून आतले औषध मोजण्याच्या रीती आणि यंत्रातच बसवलेले काटे यांवर काम चालले आहे. ब्रिटनने रुग्णाच्या जवळ, रुग्णालयातच तयार होणाऱ्या अशा औषधांसाठी वेगळे नियम केले आणि ते जुलै 2025 पासून लागू झाले. जबाबदारी कोणाची, नोंद कशी ठेवायची, चूक झाली तर औषध मागे कसे घ्यायचे, हे सगळे तिथे आता कागदावर आहे.

नियम म्हटले की आपण आठ्या घालतो. पण महाराष्ट्राने तरी घालू नयेत. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यांचा आणि मेंदूचा दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या बाटलीमागची सगळी साखळी उघडी केली. मी तेव्हा नुकताच दुकानात बसू लागलो होतो. अहवालाच्या बातम्या वडील मोठ्याने वाचून दाखवीत. आणि 2025 च्या शरद ऋतूत पुन्हा तेच विष, या वेळी खोकल्याच्या औषधात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुले गेली. त्यांतली अनेक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. एकोणचाळीस वर्षांत कारण बदलले नाही: वापरलेला माल कोणी तपासलाच नाही.

म्हणून मला जी रीत पटते ती अशी. औषध मिसळलेला लगदा परवानाधारक कारखान्यात तयार व्हावा, तिथेच त्याची खेपेगणिक तपासणी व्हावी आणि सीलबंद नळकांड्यांत तो यावा. रुग्णालयाने फक्त मात्रा छापावी, फार्मासिस्टच्या सहीने. हे यंत्र कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानात नको. जिल्ह्याला एक पुरे, जिथे मुलांचे डॉक्टर आणि फार्मासिस्ट एका छपराखाली आहेत अशा मोठ्या रुग्णालयात. आणि ते थोड्याच औषधांसाठी हवे. जिथे साध्या उपायाने भागते तिथे यंत्राचा सोस नको. हगवणीत मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर द्यायची झिंकची गोळी पाहा: वीस मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरणारी, सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी, वरच्याला पूर्ण, चौदा दिवस. अर्ध्या गोळीचा विचार ती करणाऱ्यानेच आधी केलेला आहे. क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमातही मुलांच्या विरघळणाऱ्या गोळ्या वजनाच्या गटांनुसार दिल्या जातात. असे होण्यासारखे असेल तिथे तेच करावे, ते स्वस्त पडते. उरतात ती थोडी औषधे आणि थोडी मुले. यंत्राचा खर्च त्यांच्यासाठी आहे. एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च का, असे विचारणारे भेटतील. गुजरीतला सराफ सोन्याच्या मिलिग्रॅमचा हिशेब ठेवतो, त्याला हे कोणी विचारत नाही.

फार्मसीची महाविद्यालये आपल्या जिल्ह्यात आहेत, वारणानगरपासून कोल्हापूर शहरापर्यंत. थरावर थर चढवणारी यंत्रे चालवणारी, बिघडली तर उघडून नीट करणारी पोरे उद्यमनगरात आहेत. दोघांची आपसांत गाठ मी तरी कधी पडलेली पाहिली नाही. पुतण्याला मी एकदा म्हटले, एखाद्या फार्मसीच्या प्राध्यापकांना वर्कशॉपवर बोलाव, चहा पाज. तो म्हणाला, "बोलावतो की, पन त्यांना काय सांगू, गोळी काढायची म्हनून?" मी म्हटले, नको, आधी नुसते यंत्र दाखव.

गेल्या आठवड्यात ती आई पुन्हा आली. पोरगी आता कडेवरून उतरून आमच्या ओसरीवर चालत होती आणि वडिलांच्या तराजूच्या पारड्यात बोट घालत होती. वजन वाढले आहे, उंचीही ठीक आहे, डॉक्टर समाधानी आहेत.

"काका," आई म्हणाली, "आता दर टायमाला दोन द्यायचं म्हनून सांगितलंय. गोळी पाचाची. अडीच भाग कसं करू?"